उंदीर पडले, गाव उठले : साथीचा माग काढणारी माणसे कशी घडली?

#थ्रेड #इतिहास #कोल्हापूर

१/
‘उंदीर पडले!’ सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूर, मिरज, निपाणीच्या मुलखात हे दोन शब्द कानी आले की घरोघरी बोचकी बांधली जात. आढ्यावरून, कणगीमागून उंदीर बाहेर येऊन मरू लागले, की थोड्याच दिवसांत माणसांच्या काखेत आणि जांघेत गाठी उठणार, हे लोकांनी अनुभवाने ताडले होते. मग अख्खे गाव उठे आणि माळावर, मळ्यात झोपड्या घालून राही. या आजाराला प्लेग म्हणत; जुन्या मराठीत त्याला ग्रंथिक सन्निपात असेही नाव होते.

२/
मित्रहो, या दोन शब्दांत एक संपूर्ण शास्त्र बीजरूपाने दडलेले आहे. प्राणी मरतात, मग माणसे आजारी पडतात. दोहोंत काही दिवसांचे अंतर असते. जागा सोडली तर जीव वाचतो. ही तिन्ही निरीक्षणे अचूक होती. उणीव होती ती ‘असे का घडते?’ हे तपासून पाहणाऱ्याची. गावोगाव फिरून साथीचा माग काढणारा साथरोगतज्ज्ञ आणि त्याने आणलेल्या नमुन्याचा अर्थ लावणारा प्रयोगशाळेचा प्रमुख ही दोन माणसे आपल्याकडे कशी घडली, आणि ती घडवण्यात हयगय झाली तेव्हा काय किंमत मोजावी लागली, याची ही गोष्ट.

३/
प्रारंभ मुंबईत झाला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातील एका रुग्णाला पाहून डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा प्लेग असल्याचे जाहीर केले. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची वस्ती. जहाजे, धान्य, उंदीर आणि दाटीवाटीने राहणारी माणसे तेथे एकत्र नांदत होती. निदान जाहीर होताच शहरातून लक्षावधी लोक बाहेर पडले. ते आगगाडीने आपापल्या गावी परतले, आणि रोगही त्याच वाटांनी देशावर उतरला.

४/
कोल्हापूरला आगगाडी आली होती १८९१ मध्ये, मिरजेहून. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या तरुण शाहू छत्रपतींपुढे दोन-तीन वर्षांतच दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे पाठोपाठ उभी ठाकली. वस्ती मोकळी करणे, शहराबाहेर राहण्याची सोय करणे आणि लोकांना लस टोचून घेण्यास प्रवृत्त करणे, या मार्गांनी संस्थानाने साथीला तोंड दिले. ‘गाव उठणे’ हा लोकांचाच उपाय होता; दरबाराने त्याला व्यवस्थेची जोड दिली.

५/
हा तपशील महत्त्वाचा का? कारण त्याच सुमारास ब्रिटिश मुलखात नेमके उलटे चालले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर रँड याच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरले, माजघर-देवघराची मर्यादा राहिली नाही, सामान बाहेर फेकले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. राजकीय इतिहासात हा प्रसंग आपण सारे वाचतो. परंतु साथरोगशास्त्राच्या दृष्टीनेही त्यात धडा आहे : लोक घाबरले की रुग्ण लपवतात, आणि रुग्ण लपले की साथीचा माग काढणारा आंधळा होतो.

६/
त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या साहाय्याने प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्या कामातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, शहर एकच. एका बाजूला जरब होती आणि दुसऱ्या बाजूला विश्वास. आजारी माणूस कोणाला आपले दार उघडेल, हे सांगायला नको.

७/
आता प्रयोगशाळेकडे वळू. ओडेसा शहरात १८६० मध्ये जन्मलेले वाल्देमार हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून, पटकीवरील लस घेऊन १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले होते. मुंबईत प्लेग पसरताच त्यांना तेथे पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली.

८/
स्वतःवर प्रयोग करणे धाडसाचे खरे, पण त्याने लस उपयोगी असल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलना लागते. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, साधारण तितक्यांनीच घेतली नाही. दोन्ही गट एकाच छपराखाली राहणारे, एकच अन्न खाणारे. लस न घेतलेल्यांत आजार आणि मृत्यू अधिक आढळले. कैद्याची संमती कितपत खुली असते, हा प्रश्न आज आपण विचारलाच पाहिजे. तथापि ‘घेतलेले’ आणि ‘न घेतलेले’ यांची शेजारी शेजारी मोजणी करण्याची ही पद्धत साथरोगशास्त्राचा कणा आहे.

९/
तुरुंगाबाहेरची मोठी परीक्षा झाली ती कोल्हापूरच्या दक्षिणेला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात. १८९८ मध्ये हुबळीत साथ भडकली असता हजारो लोकांना लस टोचण्यात आली, आणि कोणाला टोचली, कोणाला नाही, कोण आजारी पडले, याच्या नोंदी ठेवण्यात आल्या. प्रयोगशाळेतील बाटलीचे मोल ठरवणारी फूटपट्टी म्हणजे गावातली वही, हे येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसून आले.

१०/
१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात ‘प्लेग संशोधन प्रयोगशाळा’ सुरू झाली. जेथे गव्हर्नरांच्या मेजवान्या होत, तेथे आता लसीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. पुढे १९२५ मध्ये हीच वास्तू ‘हाफकिन संस्था’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आज आपण ‘सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा’ म्हणतो, तिचे महाराष्ट्रातील मूळपीठ हेच.

११/
पण इमारत उभी राहिली म्हणजे प्रयोगशाळा चालते असे नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील, ‘५३ एन्’ क्रमांकाच्या बाटलीतील, लस मिळाली होती. ठपका परळवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

१२/
पुढे खोलात जाऊन पाहिल्यावर वेगळेच चित्र दिसले. बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. त्या बाटलीखेरीज इतरांतून टोचलेले लोक सुखरूप होते. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्यांच्यावरील कलंक दूर झाला.

१३/
मुलकोवालचा धडा आजही प्रत्येक प्रयोगशाळा-प्रमुखाला शिकावा लागतो. बाटलीवर क्रमांक होता म्हणून दोष एका बाटलीपुरता आहे हे कळले. कोणती बाटली कोणाला, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून गेली, हे लिहिलेले होते म्हणून पाच वर्षांनी का होईना, न्याय झाला. प्रयोगशाळेचे नेतृत्व म्हणजे केवळ सूक्ष्मदर्शकातले ज्ञान नव्हे. नोंद, स्वच्छता, हाताखालच्या माणसाचे शिक्षण आणि चूक झाल्यास तिचा उगम शोधता येईल अशी शिस्त, हे सारे त्यात येते.

१४/
एवढे होऊनही मूळ कोडे सुटलेले नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगच्या साथीत सापडला होता; अलेक्झांडर येर्सिन यांचे नाव त्याला पुढे मिळाले. लसही आली होती. परंतु रोग उंदराकडून माणसाकडे जातो कसा? माणसाच्या श्वासाने? घाणीतून? अनवाणी पायांतून? पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उत्तर दिले : उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. बहुतेक विद्वानांनी त्यांना वेड्यात काढले.

१५/
मुंबईत ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी हा धागा पुन्हा उचलला. साधारण १९०३ च्या सुमारास त्यांना दिसले की, प्लेगने उंदीर मेले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा भुकेने दुसरे यजमान शोधू लागतात. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. साथीच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. घरातल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत. या जिवंत सापळ्यांवर उंदरांच्या पिसवा मिळत, आणि काही गिनीपिग प्लेगने मरतही. प्रश्न वस्तीत उभा राहिला होता. त्याचा पुरावाही वस्तीतूनच वेचला गेला.

१६/
१९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या आवारात मुद्दाम छोट्या खोल्या बांधल्या आणि त्यांत प्रयोगांची मालिका रचली. पिसवांनी भरलेल्या खोलीत गिनीपिगचा एक पिंजरा जमिनीलगत टांगला, दुसरा पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. हवा दोघांना एकच. आजारी पडले ते खालच्या पिंजऱ्यातले. हवेतून रोग जातो हा समज एका दोरीच्या लांबीने निकालात निघाला! शिवाय बारीक जाळीने पिसवांना अडवले की शेजारच्या खोलीतले जनावरही वाचते, हेही दिसले.

१७/
आयोग खोल्यांतच अडकून राहिला नाही. मुंबई बेटावरील शीव, वडाळा, परळ, वरळी या गावठाणांत आणि पंजाबातील खेड्यांत माणसे फिरली. रोज मेलेले उंदीर गोळा करायचे, कुठल्या घरात सापडले ते लिहायचे, तपासायचे, नकाशावर मांडायचे. उंदरांमधील साथीचा आलेख आधी चढतो आणि माणसांमधला त्याच्या मागोमाग, हे आकड्यांनी सिद्ध झाले. मंडळी, कोल्हापूरकरांच्या त्या ‘उंदीर पडले’ला शास्त्राची मोहोर लागली ती अशी!

१८/
येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अहवालांवर नावे आली ती मुख्यतः युरोपीय अधिकाऱ्यांची. उंदीर वेचणारे, पिसवा मोजणारे, घराघरांत जाऊन विचारपूस करणारे बहुसंख्य लोक इथलेच होते. ज्ञान त्यांच्या हातांतून गेले, पण ते त्यांना रीतसर शिकवण्याची, त्यांतून पुढचे तज्ज्ञ घडवण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. १८९६ नंतरच्या काही दशकांत देशात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. हाफकिन संस्थेला साहिबसिंग सोखी यांच्या रूपाने पहिला भारतीय संचालक मिळाला तो १९३२ मध्ये, म्हणजे परळची प्रयोगशाळा सुरू होऊन तेहतीस वर्षांनी.

१९/
साथरोगतज्ज्ञ ‘घडवायचा’ असतो, ही कल्पना रीतसर आकाराला आली १९५१ मध्ये, अमेरिकेत. अलेक्झांडर लँगम्युअर यांनी ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ सुरू केली. तरुण डॉक्टरांना दोन वर्षे हाताशी घ्यायचे. व्याख्याने थोडी, साथीच्या गावात धाडणे अधिक. या सेवेचे चिन्ह मोठे बोलके आहे : तळाला भोक पडलेला बुटाचा सोल. साथीचा अभ्यास चालून चालून चप्पल झिजवून करायचा असतो, हा त्याचा अर्थ. ही कल्पना पुढे अनेक देशांनी आपल्या मातीत रुजवली. आशियात थायलंडने १९८० मध्ये.

२०/
आपल्याकडे मात्र अशा शिक्षणाची एक शाळा नाव न घेताच सुरू झाली होती, ती पुण्यात. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र स्थापले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. येथे विषाणूतज्ज्ञ, कीटकतज्ज्ञ, प्राणितज्ज्ञ आणि डॉक्टर एका छताखाली होते, आणि साथीची बातमी येताच एकत्र निघत.

२१/
१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि लगतच्या खेड्यांत लोकांना कडक ताप येऊ लागला. पुण्याचे पथक पोहोचले. पहिली शंका होती पीतज्वराची, कारण तिकडे दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने माकडे मरतात. तो रोग आशियात शिरला असता तर अनर्थ ओढवला असता. पण मेलेल्या माकडांतून विषाणू वेगळा केला तेव्हा तो निराळाच निघाला. पसरवणारा डास नव्हता, गोचीड होती.

२२/
या शोधाची एक फांदी थेट पक्षिशास्त्रात गेली! विषाणूचे नाते रशियातील गोचिडींच्या एका विषाणूशी जुळत होते. स्थलांतर करणारे पक्षी तर तो घेऊन येत नसतील? या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचे मार्ग शोधण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला.

२३/
‘उंदीर पडले’ आणि ‘माकडे पडली’ ही दोन्ही वाक्ये एकाच व्याकरणाची आहेत. २०१६ मध्ये हाच रोग सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात उगवला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ बसली आणि लोकांनी त्याला ‘माकडताप’ असे नेमके नाव दिले. क्यासनूरमध्ये साठ वर्षांपूर्वी मिळवलेले ज्ञान हाताशी होते, म्हणून निदानासाठी पुन्हा पहिल्या पायरीपासून चाचपडावे लागले नाही.

२४/
पुण्याच्या पथकांनी महाराष्ट्राचा नकाशाच विषाणूंच्या इतिहासात नोंदवला. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ चालू असता सापडलेल्या एका नव्या विषाणूला तेथील ‘चांदीपुरा’ या वस्तीचे नाव मिळाले. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची साथ अभ्यासली गेली. ज्यांनी ही कामे केली ते एका हाताने रुग्णाचा पत्ता लिहीत आणि दुसऱ्या हाताने नमुन्याची बर्फपेटी सांभाळीत. मात्र अशी माणसे देशाच्या मानाने मूठभर होती, आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत नव्हती.

२५/
त्याची किंमत १९९४ मध्ये कळली. भारतात १९६६ नंतर माणसांत प्लेग आढळला नव्हता. पाहणी ढिली पडली, प्रयोगशाळांतील त्या कामाचा सराव सुटला. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात बरीच घरे सोडलेली होती आणि त्यांत धान्य पडून होते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी काय घडले असेल? उंदीर पडले. पिसवा वाढल्याची तक्रार लोकांनी केली. पाठोपाठ गाठींचे रुग्ण आले.

२६/
सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. परदेशांनी विमाने थांबवली, माल नाकारला. त्या वेळी सर्वांत कठीण प्रश्न कोणता होता? ‘हा नक्की प्लेगच आहे का?’ खात्रीचे उत्तर लवकर देऊ शकतील अशा सज्ज प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसे अपुरी होती. नमुने उशिरा वा अपुरे घेतले गेले, तज्ज्ञांत वाद झडले. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे या साऱ्याची छाननी केली. ज्या देशात पिसवांचे कोडे सुटले, त्याच देशाला नव्वद वर्षांनी प्लेग ओळखताना चाचपडावे लागले.

२७/
म्हणजे ज्ञान पुस्तकात होते. माणसांत उरले नव्हते. १९९४ नंतर हे उमजले. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ मध्ये क्षेत्रीय साथरोगशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला आणि जिल्हा पातळीवर साथींची नियमित नोंद होऊ लागली. २०१२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात अमेरिकी धर्तीवर ‘इंडिया एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’चे दोन वर्षांचे शिक्षण सुरू झाले.

२८/
या शिक्षणात नेमके काय शिकवतात? उदाहरण घेऊ. समजा, शिरोळ तालुक्यातील एखाद्या गावात काविळीचे रुग्ण वाढले. शिकाऊ साथरोगतज्ज्ञ प्रथम विचारतो : हे खरेच नेहमीपेक्षा अधिक आहेत का? मग ‘रुग्ण कोणाला म्हणायचे’ याची व्याख्या ठरवतो, म्हणजे प्रत्येक जण एकाच मापाने मोजेल. घरोघर फिरून नावे, वये, आजाराचा दिवस, पाण्याचा स्रोत लिहितो. तारखांचा आलेख काढतो, घरांचा नकाशा मांडतो. शेवटी आजारी आणि निरोगी यांची तुलना करतो : भायखळ्यात केली होती तशीच.

२९/
आता त्याच गावाकडे प्रयोगशाळा-प्रमुखाच्या नजरेने पाहा. किती नमुने हवेत, आजाराच्या कितव्या दिवशी घेतलेले? ते थंड राहून पोहोचतील का? चाचणीचा निकाल चुकीचा येण्याची शक्यता किती? साथ वाढून नमुने दसपट झाले तर माणसे, रसायने, वीज पुरेल का? तंत्रज्ञाच्या सुरक्षिततेचे काय? आणि निकाल गावातल्या सहकाऱ्याला समजेल अशा भाषेत वेळेवर जाईल का? म्हणूनच युरोपात १९९५ मध्ये क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञांचे शिक्षण सुरू झाल्यावर २००८ मध्ये सार्वजनिक आरोग्यातील सूक्ष्मजीवतज्ज्ञांचा वर्गही त्याला जोडण्यात आला. दोघांनी एकमेकांचे काम शिकायचे, हा त्यामागचा विचार.

३०/
वरचे उदाहरण उगाच काविळीचे घेतलेले नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली; हजारो लोक आजारी पडले आणि काहींचे प्राण गेले. हा आजार हिपॅटायटिस ई विषाणूचा होता. तो दूषित पाण्यातून पसरतो आणि गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. डोळे पिवळे झाले एवढ्यावरून काविळीचा प्रकार कळत नाही. तो प्रयोगशाळाच सांगते. आणि दूषित पाणी शहराच्या कोणत्या भागातून शिरले हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. त्यासाठी गल्लीबोळ तुडवावेच लागतात.

३१/
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. हीच नदी पाणी पाजते आणि हीच शहरांचे, कारखान्यांचे सांडपाणीही वाहून नेते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी दाखवले की पाणी ओसरल्यावर दुसरी लढाई सुरू होते : गढूळ विहिरी, फुटलेल्या नळवाहिन्या, उंदीर, डास. २०२० च्या आरंभी कोरोनाच्या निदानासाठी देशभरातून नमुने पुण्याला जात होते. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत, कोल्हापुरातही, चाचणीची सोय झाली. यंत्रे आली ही चांगली गोष्ट. पण १९९४ सांगते की वापरणारा सरावात नसेल तर यंत्र गंजते, आणि सराव साथ नसतानाच करायचा असतो.

३२/
हा सारा प्रवास एकत्र पाहिला तर एकच सूत्र हाती येते. १८९७ मध्ये पुण्यात अधिकार होता, विश्वास नव्हता. १९०२ मध्ये मुलकोवालला लस होती, हाताची शिस्त नव्हती. १९९४ मध्ये ज्ञान होते, ते जाणणारी माणसे जागेवर नव्हती. आणि जेथे यश आले, मग ते परळच्या खोल्यांत असो वा क्यासनूरच्या जंगलात, तेथे वस्तीत फिरणारा आणि नमुना तपासणारा यांच्यात भिंत नव्हती. साथ येते तेव्हा अशी माणसे नव्याने घडवायला उसंत नसते. दोन साथींच्या मधल्या शांत वर्षांतच ती घडवावी लागतात. नेमका त्याच वर्षांत त्यांच्यावरील खर्च अनावश्यक वाटू लागतो.

३३/
इतिहासप्रेमी मित्रांनो, शेवटी एक विनंती. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक गावांत ‘प्लेगच्या वेळी गाव इथे राहिले होते’ असे सांगत माळावरची, ओढ्याकाठची जागा आजही दाखवतात. काही वाड्या-वस्त्या त्या स्थलांतरातूनच कायमच्या झाल्या. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : आपल्या गावात उंदीर कधी पडले होते? लोक कुठे गेले? किती दिवसांनी परतले? पहिला इशारा कोणी दिला? उत्तरे तारीख, जागा आणि सांगणाऱ्याच्या नात्यासह लिहून ठेवा आणि या धाग्याखाली जरूर कळवा. विचारणे, लिहिणे आणि पडताळणे, साथरोगतज्ज्ञाचे पहिल्या दिवसाचे काम याहून फारसे वेगळे नसते.

(धागा समाप्त)